हजेरीपटाबाहेरची मुले

आमच्या लहानपणी 'दिपोटी येणार' अशी वर्दी आली की गुरुजींचाच काय, साऱ्या गावाचा जीव थाऱ्यावर राहत नसे. शाळेची जमीन शेणाने सारवली जाई, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागे, फळा कोळशाने घासून काळा कुळकुळीत केला जाई. दिपोटी म्हणजे शिक्षणखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर. साहेबांच्या हुद्द्याला गावाने दिलेला हा मराठी पोशाख. ते येत, हजेरीपट तपासत, डोकी मोजत, दोनचार मुलांना उभे करून पाढे म्हणावयास लावत आणि गुरुजींच्या घरचे जेवण आटोपून पुढच्या गावी जात.

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या वाटेवर, सूर्या नदीच्या काठी आमचे मासवण. त्या पंचक्रोशीतल्या एका शाळेतली ही गोष्ट आहे. शाळेचे नाव घेत नाही, कारण त्या काळी अशी गोष्ट कोणत्याही शाळेत घडली असती. माझ्या पाटीशेजारी पाड्यावरचा एक वारल्याचा मुलगा बसे. दिपोटी येण्याच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी त्याला जवळ बोलावून, अगदी मायेने सांगितले, "उद्या तू गुरं घेऊन रानात जा रे. तुझी रजा मी मांडतो." त्याला वाचता येत नव्हते, आणि ते साहेबांना कळू नये एवढीच गुरुजींची इच्छा होती. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, शेरा उत्तम मिळाला. माझा सोबती मात्र त्यानंतर फारसा शाळेत आला नाही. तिसरीत त्याचे नाव पटावरून कमी झाले.

मी पुढे स्वतः तीस वर्षे मास्तरकी केली. पटाचे रकाने भरताना तो मुलगा मला अनेकदा आठवला, आणि खरे सांगावयाचे तर रकाने भरताना मीही फार निराळा वागलो असे नाही. आपल्याकडे मुलांचे शिक्षण मोजण्याची रीत कशी पडली आणि ती कोणी बदलली, याचा शोध घ्यावा असे मला वाटले त्याचे मूळ हे आहे.

रीत पडली ती इंग्रजी अमदानीत. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि त्याच्या पाठोपाठ तपासनीस आले. विलायतेत १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने नियम केला होता की, शाळेला सरकारी मदत द्यावयाची ती परीक्षेच्या निकालाच्या हिशेबाने. जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे. ही निकालावर पगार देण्याची पद्धत आपल्याकडेही अनुदानाच्या व्यवहारात शिरली. परीक्षेच्या दिवशी कच्च्या मुलाला घरी ठेवण्याची अक्कल ही अशा व्यवहारातूनच उपजते. आमच्या गुरुजींनी ती काही स्वतः शोधून काढली नव्हती.

त्या सगळ्या जमाखर्चात एक मूळ प्रश्न राहूनच गेला होता, तो जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे उभा केला. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो तो वरच्या वर्गावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्ती लागू करून दाखविली. १९११ साली गोपाळराव गोखल्यांनी तसेच विधेयक वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडले, आणि पुढल्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्या वेळी झगडा होता तो मुलांना शाळेचे दार उघडावे एवढ्यासाठी. आत गेल्यावर मूल काय शिकते हे विचारण्याची चैन कोणाला परवडणार?

ते विचारले एका सरकारी समितीने, पण तिच्या विचारण्यात एक काटा होता. सायमन कमिशनला जोडून नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ साली हिशेब मांडला की, १९२२-२३ मध्ये पहिलीत बसलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोचली ती अवघी १८. बाकीची गळाली किंवा त्याच इयत्तेत रुतून बसली. आकडा हादरविणारा होता आणि तो खोटाही नव्हता. पण त्यावरून समितीने निष्कर्ष काढला तो असा की, आता शाळा वाढविण्याची घाई करू नये, आहेत त्याच नीट कराव्यात. ज्या मुलापर्यंत शाळा अजून गेलीच नव्हती, त्याला दुसऱ्याच्या नापासीची शिक्षा झाली. मोजमाप करणे एक आणि त्याचा उपयोग कोणी कोणाविरुद्ध करावा हे दुसरे, हा भेद ध्यानात ठेवला नाही तर या सगळ्या इतिहासाचा अर्थ लागत नाही.

तो भेद ज्याने नेमका ओळखला तो मनुष्य आपल्या मुलखातला. जयंत पांडुरंग नाईक, सर्वांना ठाऊक असलेले जे. पी. नाईक, कोल्हापुराकडील बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. तरुणपणी धारवाडजवळ उप्पिन बेटगेरी नावाच्या खेड्यात त्यांनी शाळा व ग्रामसुधारणेचे काम केले. मग सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर १९४३ साली हिंदी शिक्षणाचा इतिहास लिहिला आणि त्यात हार्टोग समितीच्या धोरणाला स्पष्ट विरोध केला. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली, ती पुढे पुण्यास गेली. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते आणि त्या प्रचंड अहवालामागील आकड्यांची राबणूक मुख्यत्वे त्यांची. समता, गुणवत्ता आणि संख्या हा आपल्या शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे, अशी मांडणी त्यांनी १९७५ च्या पुस्तकात केली. युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे निवडली तेव्हा गांधीजी व रवींद्रनाथ यांच्याबरोबर नाईकांचेही चरित्र घेतले. एवढा मोठा संशोधक, पण आमच्या दिवाणखान्यातल्या गप्पांत त्यांचे नाव कितीदा निघते? असो.

नाईकांच्या हाती देशाचा ताळेबंद होता. मुलाच्या अंगणात जाण्याचे काम मात्र आमच्याच भागात दोन बायका करीत होत्या. पालघर स्थानकावरून उत्तरेकडची गाडी धरली की बोईसर, वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. तेथून जवळ बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडक तेथे आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते, मॉन्तेसरीबाईंची पद्धती त्यांना पुरती अवगत होती. साधने होती, जागा होती, पण ज्यांच्यासाठी यावयाचे ती हरिजनवाड्यातली मुले येईनात. कोणी धाकटे भावंड सांभाळीत होते, कोणाला येण्याचा संकोच. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून वाड्यातल्या अंगणात नेली. 'आंगणवाडी' हा शब्द येथे रुजला, आणि आज तो साऱ्या देशाच्या सरकारी दप्तरात आहे. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरांमागे रानात असत, म्हणून गुरे चरतात त्या जागीच शिकवावयाचे असे ठरले, तिला 'कुरणशाळा' म्हटले. माझ्या सोबत्याला गुरुजींनी गुरांमागे पाठविले होते. याच जिल्ह्यात, फार दूर नाही, दुसऱ्या दोन शिक्षिका गुरांमागे गेलेल्या मुलाकडे स्वतः चालत जात होत्या, हे मला फार उशिरा कळले.

त्या काळी जगात मोजमापाचे निराळेच वारे सुटले होते. १९५८ साली हँबुर्ग येथे निरनिराळ्या देशांचे संशोधक जमले आणि देशादेशांतल्या विद्यार्थ्यांची एकाच प्रश्नपत्रिकेवर तुलना करता येईल काय याचा त्यांनी विचार सुरू केला. त्यातून जी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली तिच्या सहा विषयांच्या पाहणीत १९७० च्या सुमारास भारताच्या हिंदीभाषक प्रांतांनी भाग घेतला होता. मग आपण बराच काळ त्या वाटेला गेलो नाही. पुढे पिसा नावाच्या परीक्षेच्या २००९ नंतरच्या जादा फेरीत हिमाचल प्रदेश व तामिळनाडू बसले, २०११ साली निकाल लागला आणि ७४ जणांच्या यादीत दोघेही अगदी तळाशी दिसले. प्रश्नच आपल्या मुलांच्या परिसराला धरून नव्हते असा आक्षेप निघाला. त्यात तथ्य असेल. तथापि अशा परीक्षांची खरी अडचण दुसरीच आहे. त्या शाळेत बसलेल्या, पंधरा वर्षांच्या, छापील पुस्तिका वाचून उत्तर लिहू शकणाऱ्या मुलाची होतात. ज्याला वाचताच येत नाही तो कोऱ्या कागदावर काय सांगणार? आणि जो त्या दिवशी रानात आहे त्याचे काय?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुंबईच्या झोपडपट्टीतून आले, आणि ते देणारा मनुष्य रसायनशास्त्राचा होता. डॉ. माधव चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात १९८३ साली त्यांनी रसायनात डॉक्टरेट मिळविली, काही काळ तेथे काम केले आणि मायदेशी परतून माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकवू लागले. साक्षरता मोहिमेत मुंबईच्या वस्त्यांतून हिंडताना प्रयोगशाळा सुटली ती सुटलीच. १९९५ च्या सुमारास समाजकार्याच्या प्राध्यापिका फरीदा लांबे यांच्यासह, महापालिका आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने त्यांनी 'प्रथम' ही संस्था उभी केली. पहिले काम बालवाड्यांचे. इमारत बांधावयाची नाही, भाडे भरावयाचे नाही. कोणाची ओसरी, कोणते देऊळ, कोणत्या मंडळाची खोली, मिळेल तेथे वस्तीतलीच एखादी मुलगी मुले जमवून बसेल. ताराबाईंचे अंगण आणि धारावीची ही ओसरी हे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत, असे मला वाटते.

मग त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. तिसरी-चौथीतली मुले नियमाने शाळेत जात होती, वह्या सुंदर उतरवून काढीत होती, पण साधी चार वाक्ये समोर धरली की अडखळत होती. हजेरीपट आणि वाचन यांची फारकत झाली होती. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदा येथे अशा मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्या 'बालसखी'कडून शिकवून काय फरक पडतो याची काटेकोर पाहणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मुंबई महापालिकेच्या शाळांतली पोरे अशी जागतिक संशोधनाच्या पानावर गेली.

२००४ साली केंद्र सरकारने शिक्षणासाठी करांवर दोन टक्के अधिभार बसविला. पैसा आला तर शिक्षण किती झाले हे लोकांना कळावयास नको काय? या विचाराने २००५ साली 'असर' नावाची पाहणी सुरू झाली. अर्थ आपल्याला समजावून सांगावयास नको, औषधाचा असर झाला असे आपणही म्हणतो. डॉ. रुक्मिणी बॅनर्जी यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षे सांभाळले. त्याची रीत थोडी विस्ताराने सांगतो, कारण सगळी गंमत तिच्या साधेपणात आहे.

प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून जनगणनेच्या यादीवरून तीस गावे निघतात, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. गावात दोन तरुण स्वयंसेवक जातात. बहुधा ते जवळच्या महाविद्यालयाचे विद्यार्थी किंवा एखाद्या स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते असतात. प्रथम ते गावभर हिंडून जमिनीवर किंवा कागदावर गावाचा नकाशा काढतात, आणि हे काढताना म्हातारी माणसे व पोरे भोवती जमून चुका दुरुस्त करतात. गावाचे चार भाग पाडून दर भागातून ठराविक अंतराने पाच घरे, म्हणजे एकूण वीस. जावयाचे ते सुटीच्या दिवशी आणि घरी. शाळेत नव्हे, कारण शाळेत गैरहजर मूल सापडत नाही. घरातल्या पाच ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाजवळ बसावयाचे, एकेकट्याजवळ, आणि एक कागद पुढे करावयाचा. त्यावर आहेत अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट. आधी उतारा वाचावयास द्यावयाचा. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द, तेही नाही तर अक्षरे. मूल जेथवर पोचले ती त्याची पायरी. गणितातही तसेच: अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पहिला-दुसरा नंबर नाही, नापास तर नाहीच.

आणि यातून निघाले काय? शाळेत नाव असलेली मुले शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव, म्हणजे फुले-गोखल्यांचे स्वप्न बहुतांशी पुरे झाले. पण पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी ग्रामीण भारतात २०१८ साली शंभरात सुमारे ५०, करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यावर २०२२ साली सुमारे ४३, आणि २०२४ साली पुन्हा चढून सुमारे ४९. या शेवटच्या फेरीत ६०५ जिल्ह्यांतील साडेसहा लाखांच्या आसपास मुले मोजली गेली. याच तालुक्यात तारापूरला १९६९ पासून अणूपासून वीज निघते, आणि पाचवीतले निम्मे मूल दुसरीची गोष्ट वाचताना अडखळते. एका देशाचीच ही दोन्ही चित्रे.

हा कागद मग परदेशी निघाला. २००८ साली पाकिस्तानात, नावही 'असर' तेच. २००९ साली केनिया, युगांडा व टांझानियात 'उवेझो', म्हणजे स्वाहिली भाषेत क्षमता. मग माली, सेनेगल आणि २०१४ साली मेक्सिको. २०१५ मध्ये या सर्वांनी मिळून एक जाळे बांधले. मोजमापाची विद्या नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे आयात होते असे आपण समजतो. १९४० साली आपल्याच इलाख्यातले डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच बिनेची बुद्धिमापन कसोटी कानडी व मराठी मुलांसाठी बसविली, ते कामही थोरच होते, पण बीज बाहेरचे होते. शिवाय बुद्धिमापनात दोष असेल तर तो मुलाच्या माथी येतो. या साध्या कागदात तो आपल्या माथी येतो, म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. माधव चव्हाणांना २०१२ साली कतारचे 'वाइज' पारितोषिक मिळाले आणि रुक्मिणीबाईंना २०२१ साली हाँगकाँगचे 'यिदान'.

म्हणून सगळे निर्दोष आहे असे नव्हे. कागदावरचा उतारा मराठीत असतो, आणि वारल्याच्या घरची बोली निराळी. तिथे वाचन मोजले जाते की भाषा, हे सांगणे कठीण. शिवाय जुना हार्टोगी काटा अजून शाबूत आहे. अहवाल आला की वर्तमानपत्रे जिल्हा परिषदेच्या शाळांना झोडपतात, आणि पालक कर्ज काढून पोराला इंग्रजी शाळेत घालतात. खाजगी शाळेतल्या मुलाच्या घरी बहुधा पुस्तक असते, शिकलेली आई असते, हे त्या गलक्यात कोण पाहतो? २०१७ साली पट दहाच्या आत आहे म्हणून राज्यातील तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचे ठरले. येथे निकष होता तो पटाचाच. डोंगरातल्या पाड्यावर नऊ मुले वाचावयास शिकत आहेत की नाहीत, हे त्या हिशेबात कोठे बसत नव्हते.

२०२४ चा पावसाळा सरता सरता मी एका पाड्यावर गेलो होतो. भात पिवळे पडू लागले होते. रविवार होता. कॉलेजातली एक मुलगी आणि तिच्याबरोबरचा मुलगा घरोघर फिरत होते, हातात ते कागद. एका ओसरीवर नऊ-दहा वर्षांची पोर बसली होती, तिच्या पुढे कागद ठेवला. पोरीने उतारा पाहिला, पहिल्याच शब्दावर बोट ठेवले आणि गप्प झाली. मुलीने हसून कागदावरचे बोट शब्दांकडे सरकवले. पोरीने पाचांतले चार बरोबर वाचले. पाचव्याला तिने वर पाहिले, आणि तिची आजी आतून ओरडली, "पास झाली का गं?"

"यात पास नसतं, आजी," मुलगी म्हणाली.

आजीला ते पटले नसावे. तिने बाहेर येऊन कागद हाती घेतला, उलटा धरला, मग नातीने सुलटा करून दिला.

पुढच्या घराला कुलूप होते. कोणाच्या तरी शेतावर मजुरीला गेलीत, मुले पण बरोबरच, असे शेजाऱ्यांनी सांगितले. मुलीने 'घर बंद' अशी नोंद केली आणि दोघे त्यापुढच्या घराकडे वळली.